डावीकडचं शून्य

साहेबांनी प्रश्न विचारून दोन मिनिटं उलटली होती, आणि लांबट टेबलाभोवती बसलेल्या चारही विभागप्रमुखांनी मिठाची गुळणी धरली होती. प्रश्न पुरता चार शब्दांचाही नव्हता. "हे शून्य कोणाचं?" एवढंच साहेबांनी विचारलं होतं.

पंखा फिरत होता. त्याच्या वाऱ्यानं कार्यक्रमपत्रिकेचा कोपरा उठे, खाली बसे, पुन्हा उठे, जणू त्या खोलीत काही बोलण्याची इच्छा उरलेली ती एकटीच वस्तू होती. चहावर साय धरली होती. शाळांचे संचालक चष्मा पुसत होते. तो इतका स्वच्छ झाला होता की आता त्यातून सत्यसुद्धा दिसलं असतं, आणि बहुधा म्हणूनच ते तो डोळ्यांवर चढवत नव्हते.

टेबलाच्या टोकाला, दाराजवळच्या खुर्चीत वहीताई बसली होती. तिचं काम इतिवृत्त लिहिण्याचं. सभेत कोण काय बोललं, शेवटी काय ठरलं, हे तिनं वहीत उतरवायचं आणि वहीत जे उतरलं तेच घडलं असं मग सगळ्यांनी मानायचं. एकोणतीस वर्षं, वेगवेगळ्या सभांत, ती हेच करत आली होती आणि या एकोणतीस वर्षांत तिनं सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य होतं, "ताई, हे लिहू नका." न लिहिलेल्या गोष्टींची वेगळी वही कोणी ठेवली असती, तर ती या वहीहून कितीतरी जाड झाली असती, आणि वाचावीशीही वाटली असती.

या क्षणी तिच्यापुढचं पान कोरं होतं, आणि साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक होतं. शून्य तिचं होतं.

या मंडळींना साहेबांच्या अध्यक्षतेखाली एका टेबलावर आणणारी समन्वय परिषद आठ वर्षांपूर्वी स्थापन झाली, तेव्हा तिचं ब्रीद ठरलं, 'पाळण्यापासून पदव्युत्तरपर्यंत'. मूल सरकारी बालवाडीत पहिलं पाऊल टाकतं तिथपासून विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडतं तिथवर एकच धोरण असावं, आणि वाटेत कुठेही न सांडता ते एका हातातून दुसऱ्या हातात अलगद जावं, असा उदात्त हेतू होता. परिषदेआधी विद्यापीठ म्हणे, महाविद्यालयांतून कच्ची मुलं येतात. महाविद्यालयं म्हणत, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, शाळांना विचारा. शाळा बालवाडीकडे बोट दाखवत आणि बालवाडी आईच्या मांडीकडे. परिषद झाली आणि सगळं बदललं. तीच वाक्यं आता एका छपराखाली, माइकवरून बोलली जाऊ लागली.

पहिले आठ महिने टप्प्यांना आकडे देण्यात गेले. बालवाडी हा पहिला टप्पा, शाळा दुसरा, महाविद्यालय तिसरा, विद्यापीठ चौथा, असा मसुदा आला मात्र, शाळांचे संचालक उठून उभे राहिले. कार्यालय त्यांना पाठीमागे 'पहिलीवाले' म्हणतं ते तेव्हापासून.

"पहिली ही पहिलीच असते," ते म्हणाले होते. "लोक पिढ्यान्‌पिढ्या मुलाला पहिलीत घालत आलेत. ती पहिली तुम्ही दुसऱ्या टप्प्यात टाकणार, तर मग दुसरी कुठे घालायची? पहिलीच्या आधी पहिलं असं काही असूच शकत नाही."

"आणि आमची मुलं?" बालवाडीच्या संचालिकाबाईंनी विचारलं होतं.

"तुमची मुलं गोड आहेत, बाई. पण ती अजून सुरू झालेली नाहीत."

अशा अकरा सभा झाल्या. अकराव्या सभेच्या मधल्या सुट्टीत वहीताई आणि साहेब एकाच लिफ्टनं खाली उतरत होते. इमारतीची रचनाही मोठी बोलकी आहे. सभागृह चौथ्या मजल्यावर, विद्यापीठाचं कार्यालय तिसऱ्यावर, त्याखाली महाविद्यालयं, त्याखाली शाळा, आणि तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून, बालवाडी विभाग. लिफ्टच्या दारावर तांबडे आकडे उतरत गेले. चार, तीन, दोन, एक, आणि तळमजल्याला शून्य. वहीताई सहज बोलून गेली, "साहेब, तळमजल्याला शून्य म्हणतात, पण त्याचा कुणाला राग येत नाही."

साहेबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. चहानंतर त्यांनी ते सभेपुढे ठेवलं, पण स्वतःचं म्हणून नव्हे आणि तिचंही म्हणून नव्हे. "असं सुचवण्यात येत आहे," ते म्हणाले, त्या कर्मणी प्रयोगात, ज्याच्या आडोशाला कारभारातली सगळी अपत्यं बेवारस जन्माला येतात. पहिलीवाल्यांना त्यांचा एक मिळाला. बालवाडीच्या बाईंना निदान एक आकडा मिळाला. टाळ्या वाजल्या, आणि वहीताईनं लिहिलं, 'बालवाडी हा शून्य टप्पा मानावा असे सर्वानुमते ठरले.' त्या दिवशी घरी जाताना तिला आतून गुदगुल्या झाल्या होत्या. आठ महिन्यांचं भिजत घोंगडं तिनं एका वाक्यानं वाळत घातलं होतं.

पुढे परिषदेनं प्रत्येक विद्यार्थ्याला 'एकक्रमांक' दिला, बारा आकडी, जन्मभर पुरेल असा. त्याचा पहिला आकडा म्हणजे मूल ज्या टप्प्यातून आत आलं तो टप्पा. खासगी शिशुवर्ग करून थेट पहिलीत आलेल्यांचा क्रमांक एकानं सुरू झाला, सरकारी बालवाडीतून आलेल्यांचा शून्यानं. या वर्षी विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशाला तो क्रमांक प्रथमच मागितला गेला, आणि विद्यापीठाच्या संगणकानं, त्याला जसं शिकवलं होतं तसं, डावीकडचं शून्य निरर्थक समजून गाळून टाकलं. बाराचे अकरा उरले. अकरा आकड्यांचा विद्यार्थी त्या यंत्राच्या ओळखीचा नव्हता. तीन हजार आठशे बारा अर्जांवर एकच ओळ उमटली, 'असा विद्यार्थी अस्तित्वात नाही.' ज्या मुलांचा हात सुटू नये म्हणून हा सारा मांडव घातला होता, नेमकी तीच मुलं चाळणीतून खाली पडली.

त्या तीन हजार आठशे बारांतली एक सभागृहाबाहेरच्या बाकावर बसली होती. वहीताईची भाची. तिची आई, म्हणजे वहीताईची धाकटी बहीण, सरकारी बालवाडीत मदतनीस आहे. तिथल्याच चटईवर, आई दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसत असताना, ही पोर अंक शिकली आणि अंकांच्या मागे मागे चालत गणिताच्या पदवीपर्यंत येऊन पोचली. आता तिला पुढे जायचं होतं. घरात मात्र बोली झाली होती की या वर्षी प्रवेश मिळाला तर ठीक, नाही तर मावशीच्या ओळखीनं कुठेतरी टेबल धरायचं. वहीताईला त्या बोलीतला 'मावशीच्या' हा शब्द खड्यासारखा टोचत असे. टेबल धरणं म्हणजे काय, हे तिच्याहून जास्त कोणाला ठाऊक होतं?

अर्जाची मुदत आज पाचला संपत होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

काल भाची तिला म्हणाली होती, "मावशी, आकड्याच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे दुसरीतल्या मुलालाही कळतं ग. तुमच्या परिषदेत दुसरी पास झालेलं कोणी नाही का?" वहीताई हसली होती. ते शून्य कुठून आलं, हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं.

"कुलसचिव, तुमचं यंत्र सुधारायला किती दिवस लागतील?" शेवटी साहेबांनीच गुळणी टाकली.

"तीन." विद्यापीठाचे कुलसचिव बारीक आवाजात बोलत. वरच्या मजल्यावरच्यांना ओरडावं लागत नाही.

"मग मुदत तीन दिवसांनी वाढवून टाका."

"टाकतो की. पण आपलाच नियम नववा पाहा. चूक परिषदेच्या एखाद्या घटकाची असेल तर मुदत वाढवता येते. चूक अर्जदाराची असेल तर नाही. घटक कोणता ते लिहून द्या, पाच मिनिटांत आदेश काढतो."

सगळ्यांच्या नजरा बालवाडीच्या बाईंकडे गेल्या. पाणी उताराकडे वाहतं आणि परिषदेत दोषही.

"माझ्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. "शून्य आम्हाला चिकटवलं. जगात कोणी मागून घेतं का शून्य?"

"मी तर फक्त एक मागितला होता," पहिलीवाले म्हणाले. "आणि माझा एक चोख चाललाय. एकवाला एकही अडकलेला नाही, बघा हवं तर."

"अडकेल कसा? आम्ही खाली पायरी झालो ना तुमच्यासाठी."

"पायरीनं चपलांवर रागवायचं नसतं, बाई."

महाविद्यालयांच्या संचालकांना कार्यालय 'मधले' म्हणे. त्यांनी पेंगुळलेले डोळे उघडले. "आमचा तिनाचा दोन झाला, तेव्हा आम्ही हूं की चूं केलं नाही. याची नोंद व्हावी."

"ताई, हे लिहू नका," साहेब म्हणाले. "त्या अकराव्या सभेचं इतिवृत्त काढा. कोणी सुचवलं होतं, वाचा."

वहीताईनं जुनी वही उघडली. तिचं अक्षर तिच्याकडे पाहत होतं, वळणदार, टपोरं, निरपराध. "असे सुचवण्यात आले व सर्वानुमते ठरले."

"कोणी सुचवलं?"

"ते लिहिलेलं नाही, साहेब."

"का नाही लिहिलं?"

"तुम्ही म्हणालात, लिहू नका."

मधल्यांना खोकला आला. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. साहेबांनी पेन्सिल उचलली, तिचं टोक पाहिलं, ठेवून दिली. चार वाजून बत्तीस मिनिटं. दाराच्या काचेतून वहीताईला बाकाचं एक टोक दिसत होतं आणि त्यावर भाचीच्या कागदांची निळी फाइल.

"साहेब," ती म्हणाली, "ते मी सुचवलं होतं."

न विचारता सभेत बोलण्याची ही तिची एकोणतीस वर्षांतली पहिली वेळ. आपला आवाज इतका जाड असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि मग काय चमत्कार, चारही चेहरे एकदम उजळले. बऱ्याच दिवसांनी घरात पाहुणा यावा तशी तिच्या चुकीची आवभगत झाली.

"म्हणजे कार्यालयाची चूक," पहिलीवाल्यांनी चष्मा चढवला.

"मग प्रश्नच मिटला," कुलसचिव म्हणाले. "कार्यालय हा परिषदेचाच घटक. मी आदेश काढतो." त्यांनी खरोखरच खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. वहीताई त्या टोपणाकडे पाहत राहिली. तीन हजार आठशे बारा मुलं त्या क्षणी त्या निबेवर उभी होती.

"थांबा," साहेब म्हणाले.

कार्यालय साहेबांच्या हाताखाली होतं. कार्यालयाची चूक म्हणजे कोणाची चूक, हे गणित त्यांनी मनातल्या मनात सोडवलं होतं, आणि ते सोडवायला त्यांना पदव्युत्तर व्हावं लागलं नव्हतं.

"ताई, कुठे सुचवलंत तुम्ही हे?"

"लिफ्टमध्ये, साहेब. तुम्ही होतात."

"लिफ्टमध्ये." साहेब हसले, मायेनं हसावं तसे. "लिफ्टमध्ये बोललेलं सभेत बोललेलं नसतं. शिवाय इतिवृत्तकार ही सभासद नसते. तिला सूचना मांडण्याचा अधिकार नाही. अधिकार नसलेल्यानं मांडलेली सूचना ही मांडलेलीच नसते. आणि जी मांडलीच नाही, तिच्यात चूक कुठून येणार?"

"तर्कशुद्ध आहे," पहिलीवाले म्हणाले, कारण त्यांचा एक अजून सुरक्षित होता.

"म्हणजे शून्य कोणीच सुचवलं नाही?" बालवाडीच्या बाईंनी विचारलं. त्यांच्या स्वरात विरोध नव्हता. आपल्याला नीट समजलंय ना, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"कोणीच नाही."

"पण मग ते अर्जांवर आलं कुठून?"

"अर्ज कोण भरतं?" साहेबांनी विचारलं.

कुलसचिवांनी पेनाला टोपण लावलं. त्याचा बारीक टक्‌ असा आवाज झाला.

"साहेब, त्यांच्या क्रमांकपत्रावर आपणच शून्य छापून दिलंय," वहीताई म्हणाली. आपण उभ्या आहोत हे तिला उशिरा कळलं. "जे छापलंय ते त्यांनी भरलं. आणखी काय भरणार ती पोरं?"

"तुमची कोणी आहे का हो त्यांत?"

"भाची आहे."

"मग तर तुम्ही बोलायलाच नको होतं. हितसंबंध आला." साहेबांचा आवाज मऊ झाला. सुरीला धार लावून झाली की तीही मऊच चालते. "तुमच्याच भल्यासाठी सांगतो, ताई. आतापर्यंत जे बोललात, त्यातलं काही लिहू नका. बसा. घ्या लिहून."

आणि ती बसली. या गोष्टीत कोणी वीर असेल तर तो इथे उठायला हवा होता, वही मिटायला हवी होती, दार आपटायला हवं होतं. पण एकोणतीस वर्षं एकाच उताराला लागलेला हात असा थांबत नाही. बैलाचे डोळे बांधले काय, सोडले काय, घाणा तेवढाच फिरतो. साहेब सांगत गेले आणि हात लिहीत गेला.

'अर्जदारांनी एकक्रमांक भरताना पुरेशी दक्षता न घेतल्याने अर्ज अपात्र ठरले. नियम नववा लक्षात घेता मुदतवाढीची आवश्यकता नाही असे सर्वानुमते ठरले. भविष्यात असा प्रसंग उद्भवू नये याकरिता डावीकडील अंकांसंबंधी उपसमिती नेमण्यात येत आहे.'

'दक्षता' या शब्दातला क्ष तिनं जरा जास्तच सुरेख काढला. तो पाहून तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरी पुढच्या ओळीतलं अनुस्वाराचं टिंब तिनं अचूक जागी दिलं.

उपसमितीत कोण असावं यावर चर्चा सुरू झाली. पहिलीवाल्यांचं म्हणणं पडलं की उपसमितीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं असावं. मधल्यांनी कोणत्याही जागेला हरकत नसल्याचं सांगितलं आणि याची नोंद व्हावी अशी विनंती केली. बालवाडीच्या बाईंनी विचारलं, उपसमितीचा अहवाल येईपर्यंत पुढच्या वर्षीच्या मुलांना शून्यच द्यायचं का. "द्या," साहेब म्हणाले. "धोरणात सातत्य हवं." पहिले पाढे पंचावन्न. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवलं होतं, आणि आता सुळाला कोणता रंग द्यावा यावर सभा रंगली होती. कोणीतरी गरम चहा मागवला.

पाचला आठ मिनिटं कमी असताना वहीताई वही छातीशी धरून बाहेर आली. भाची बाकावरून उठली नाही. मावशीचा चेहरा तिनं पाहिला होता.

"काय झालं, मावशी?"

"उपसमिती नेमली."

"आणि मुदत?"

वहीताईनं वही छातीशी आणखी घट्ट धरली. भाचीनं हात पुढे केला. इतिवृत्ताची वही बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायची नाही हा नियम वहीताईनं एकोणतीस वर्षं पाळला होता. आज तिनं वही दिली. निदान एक नियम मोडला, असं समाधान तिला क्षणभर वाटलं, आणि त्या समाधानाचीही लाज वाटली.

भाचीनं शेवटचं पान वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं. तिचं बोट 'दक्षता'वर येऊन थांबलं.

"हा क्ष असाच काढायला शिकवला होतास मला."

"अक्षर माझं आहे ग. म्हणणं त्यांचं."

"आणि शून्य? ते कोणाचं निघालं शेवटी?"

आतून हसण्याचा आवाज आला. पहिलीवाल्यांनी बहुधा काहीतरी विनोद केला होता.

"माझं," वहीताई म्हणाली. "मीच सुचवलं होतं. लिफ्टमध्ये, सहज. मला काय माहीत त्याचं असं होईल? पण आत्ता आत सांगितलं मी. सगळ्यांसमोर, उभं राहून सांगितलं, तुझ्या गळ्याची शपथ."

भाचीनं पान उलटलं. मागचं पान पाहिलं, त्याच्या मागचं पाहिलं. मग पुन्हा शेवटच्या पानावर आली.

"कुठे आहे ते?"

"काय?"

"तू सांगितलंस ते. यात कुठे आहे?"

"ते... लिहू नका म्हणाले."

भाचीनं मान हलवली, वर्गात फळ्यावरचं उत्तर जुळल्यावर हलवावी तशी. वही मिटली. बाकावर ठेवली, आणि तिचा कोपरा बाकाच्या कडेला नीट समांतर केला. अंक असोत की वस्तू, सरळ रेषेत लावायची तिची ही लहानपणची सवय होती. निळी फाइल उचलली.

वहीताईला एकाएकी खूप बोलायचं होतं. पण बोलायची वेळ आली की दुसऱ्यांची वाक्यं सोडून तिच्यापाशी काही नसे. एकच वाक्य तिचं स्वतःचं सापडलं, आणि तेही किती केविलवाणं.

"पुढच्या वर्षी भरशील ना ग अर्ज? मी स्वतः येईन तुझ्याबरोबर. काय? भरशील ना?"

लिफ्ट चौथ्या मजल्यावर उघडीच उभी होती. भाची त्या उघड्या दारासमोरून गेली, आत शिरली नाही, आणि फाइल काखेत धरून जिना उतरू लागली.